संध्याकाळची खोली: तरुण मुलांच्या संगीत प्रकल्पाच्या नोंदी

३ जून

खोली मिळाली. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सहा ते नऊ. वर पत्रा नाही, स्लॅब आहे, ही मोठी जमेची बाजू. पत्र्याखाली आवाज घुमत राहतो आणि ठेका कुणाचा सुटतोय हे वाजवणाऱ्यालाच कळत नाही.

आम्ही चौघं आहोत: साउंडचं काम करणारे काका, गिटार शिकवणारा एक तरुण, मुलांचं समुपदेशन करणारी मैत्रीण आणि मी. आजच्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ एकाच प्रश्नावर गेला. मुलांना इथे बोलवायचं ते कशासाठी? रिकामी पोरं कशात तरी गुंतवून ठेवायची म्हणून आखलेला कार्यक्रम पोरं पहिल्याच दिवशी ओळखतात आणि दुसऱ्या दिवशी फिरकत नाहीत. पंधरा ते बावीस वयाची ही मुलं संध्याकाळभर कट्ट्यावर बसलेली असतात. त्यांच्याकडे करमणुकीची वाण नाही, हातातल्या फोनमध्ये ती ओसंडून वाहतेय. पण आपण आज कुठे गेलो नाही तर कुणाचं काही अडणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. कंटाळ्याचं मूळ मला तिथे दिसतं.

म्हणून संगीत. अनेकांनी मिळून वाजवायच्या तालात नवख्यालाही पहिल्याच संध्याकाळी खरं काम देता येतं. चार मात्रांत एकच टोला द्यायचा असला तरी तो त्याचा असतो आणि तो गाळला तर सगळ्यांना ऐकू येतो. फुटबॉलमध्ये कच्च्या खेळाडूला बाकावर बसवावं लागतं. इथे बाक नाही.

तेवढ्यापुरतं ठरलंय ते असं: फी नाही, फॉर्म नाही, निवड चाचणी नाही. कुणी येवो न येवो, खोली ठरल्या वेळी उघडणार. आणि आमच्यापैकी दोघं मोठे कायम हजर असणार, एकटं कुणीही नाही.

९ जून

वाद्यं. देणगीत जुना कीबोर्ड आला आहे, दोन गिटार आहेत, त्यातली एक मान वाकलेली. बाकी सगळं आम्ही भंगारातून जमवतोय. रंगाच्या वीस लिटरच्या प्लास्टिक बादल्या सगळ्यात उपयोगी. उलटी ठेवून तळाच्या मध्यावर मारली तर जाड, खालचा आवाज येतो. कडेला मारली तर कडक, तुटक. पायाने एक कड जराशी उचलून धरली की आतली हवा मोकळी होते आणि खालचा आवाज आणखी भरदार होतो. एका बादलीतून तीन आवाज निघाले की शिकवायला भरपूर झालं. काठ्या लाकडी दांड्यांच्या कापल्या, टोकाला कापडी चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे टोक फुटत नाही आणि कानाला टोचत नाही.

भंगारावर वाजवायचं म्हटल्यावर मैत्रीण म्हणाली, मुलांना हा अपमान वाटेल. मला तसं वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. त्रिनिदादमध्ये ब्रिटिश सरकारने १८८० च्या दशकात रस्त्यावरच्या ढोलांवर बंधनं आणली. लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस गरीब वस्त्यांतल्या पोरांनी बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, कचऱ्याच्या पेट्यांची झाकणं वाजवायला घेतली. कुणाच्या तरी लक्षात आलं की पत्रा ठोकून जिथे पोक येतो तिथे सूर बदलतो. पुढे तेलाची पिंपं आली आणि त्यातून स्टीलपॅन हे वाद्य उभं राहिलं. वरच्या सुरांसाठी पिंपाची कड आखूड कापतात, खर्जासाठी अख्खं पिंप ठेवतात आणि त्यावर मोजकेच तीन-चार सूर बसवतात. हे करणाऱ्या पोरांना तेव्हा गुंड म्हणत. १९५१ साली त्यांच्यातल्याच निवडक वादकांचा ताफा लंडनच्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’मध्ये वाजवून आला आणि १९९२ मध्ये ते देशाचं राष्ट्रीय वाद्य झालं. ही हकिगत मी मुलांना सांगणार आहे, पण बादल्या वाजवून झाल्यावर. आधी सांगितली तर भाषण होतं.

१७ जून

पहिल्या संध्याकाळी सगळे दारात. आत यायला कुणी तयार नाही. एकाने विचारलं, “ताई, क्लास आहे का?” नाही म्हटलं. “मग सर्टिफिकेट?” तेही नाही. “मग काय आहे?” म्हटलं, चार जण कमी पडतायत, ये. आला.

आजची गोष्ट मात्र सविस्तर लिहून ठेवायला हवी.

ठेका चार हिश्श्यांत बसवला होता. पहिल्या गटाकडे सम आणि तिसरी मात्रा, बादलीच्या मध्यावर. दुसऱ्याकडे दुसरी आणि चौथी, कडेवर. तिसरा गट डब्यात खडे घालून आठाचं भरण करतोय, म्हणजे प्रत्येक मात्रेला दोनदा. आणि चौथा हिस्सा एकट्याचा: चौथ्या मात्रेच्या पुढच्या अर्ध्यावर पत्र्याच्या डब्यावर एक टोला, की लगेच सम. लाल टोपीवाल्या मुलाकडे तो दिला. त्याला वाटलं मी त्याला टाळायला सगळ्यात कमी काम दिलं. दहाएक मिनिटांत ठेका बसला, वेग थोडा वाढला, मुलं हसायला लागली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला.

ठेका थांबला नाही, लंगडा झाला. समेवर येताना प्रत्येकाचा हात क्षणभर अडखळायला लागला. काय बिघडलंय हे आधी कुणाला कळेना. मग बादलीवाली मुलगी न थांबता दाराकडे बघायला लागली, मग दुसरा, मग सगळेच. तो परत आला तेव्हा सगळी खोली त्याच्याकडे बघतेय. “काय झालं?” “अरे, तुझा टण् नाहीये!” तो डबा उचलून जागेवर बसला, एक आवर्तन नुसतं ऐकलं आणि बरोबर जागी टोला टाकला. खोलीत ओरडा झाला. नंतर पुन्हा फोन आला तेव्हा त्याने तो बंद करून खिशात टाकला. मी काही सांगितलं नव्हतं.

आम्हाला या प्रकल्पातून जे हवंय ते एवढंच आहे. यापुढे प्रत्येक रचनेत असा एकट्याचा हिस्सा ठेवायचा आणि तो दर वेळी वेगळ्या मुलाला द्यायचा.

२४ जून

येणं-जाणं अनियमित आहे. त्याला इलाज नाही आणि त्यावर रागवायचंही नाही. पण दारात उभं राहून नुसतं बघणाऱ्यांसाठी काहीतरी हवं. काकांनी तोडगा काढला: जो दारात दिसेल त्याच्या हातात केबल द्यायची. माइकची लांब केबल गुंडाळायला सगळ्यांनाच सोपी वाटते, सगळेच ती कोपर आणि पंजाभोवती पिळतात, आणि त्याने आतली तार मोडते. एक वेढा सरळ, पुढचा आतून उलटा, असं आलटून पालटून घेतलं की केबल फेकली तरी गाठ न पडता सरळ उलगडते. हे जमायला बोटांना वेळ लागतो. जमलं की मुलं दुसऱ्याला शिकवायला उतावीळ होतात. आत येण्याचं तिकीट म्हणून याहून चांगलं काही सापडलेलं नाही.

५ जुलै

मुलांनी सांगून टाकलं: बादल्या ठीक, पण आम्हाला रॅप करायचंय. गिटारवाल्याचा चेहरा पडला, कारण त्याने दोन गाणी बसवायला आणली होती. मला मात्र आनंद झाला. आमची यादी बाजूला सारून त्यांनी आपली मागितली, म्हणजे खोली आपली आहे असं त्यांना वाटायला लागलंय.

रॅपला नाक मुरडणाऱ्या मोठ्या माणसांसाठी थोडा इतिहास. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या सामाईक खोलीत एका मुलीने पार्टी ठेवली. सिंडी कॅम्पबेल तिचं नाव. शाळा सुरू होण्याआधी कपड्यांसाठी पैसे जमवायचे होते. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्ड वाजवायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क. गाण्यात गायन थांबून नुसता ताल उरतो त्या तुकड्याची नाचणारे वाट बघत असतात, हे त्याने हेरलं होतं. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावून तो तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायला लागला. त्या लांबवलेल्या तालावर बोलणं आलं, पुढे बोलण्याचं काव्य झालं. ब्राँक्स तेव्हा जळत होतं, घरमालक इमारती सोडून जात होते, तरुणांना काम नव्हतं. यातूनच हिपहॉप जन्मलं, रॅप हा त्याचाच भाग. कुठल्या संस्थेने त्याचा प्रकल्प आखला नव्हता. एक खोली होती, वाजवायचं सामान होतं आणि आपल्याच वयाचे लोक ऐकायला होते. आपण मोठ्यांनी पुरवायचं ते एवढंच, असं मला वाटतं.

काम आजच सुरू केलं. फोनवरच्या फुकट ॲपमध्ये एक माप, म्हणजे चार मात्रांचं आवर्तन, सोळा घरांत विभागलेलं दिसतं. पहिल्या आणि नवव्या घरात किक, पाचव्या आणि तेराव्यात स्नेअर. मिनिटाला ९० मात्रांचा वेग. मुलांच्या लगेच लक्षात आलं की हे बादल्यांचंच आहे: मध्य म्हणजे किक, कड म्हणजे स्नेअर. मग ॲप बंद करून त्यांनी तो ताल बादल्यांवरच धरला आणि एक जण त्यावर बोलायला लागला.

शब्दांचा प्रश्न येणारच होता. शिव्या चालतील का? मी बंदी घातलेली नाही. एक नियम ठेवला: ज्याच्याबद्दल ओळ लिहिलीस तो समोर बसलेला असता तर ही ओळ म्हणशील का? म्हणणार असशील तर ठेव. यावर अर्धा तास कडाक्याचा वाद झाला, आणि तीन ओळी लिहिणाऱ्यांनी स्वतःच खोडल्या. एक ओळ मात्र राहिली. ती आमच्यासारख्या, सल्ले देणाऱ्या मोठ्या माणसांबद्दल आहे, आणि ती राहायलाच हवी.

१४ जुलै

माइक. सगळ्यांना तो हाताच्या मुठीत जाळीसकट पकडायचा असतो, कारण व्हिडिओत तसाच दिसतो. आणि सगळ्यांचा माइक शिट्टी मारतो. काकांनी आज माइकची जाळी उघडून दाखवली. आत आवाज पकडणारी कॅप्सूल असते, तिला पुढून आवाज जातो तसा मागच्या झरोक्यांतूनही जातो. मागून आलेला आवाज आत रद्द व्हावा म्हणूनच ते झरोके असतात. मुठीने ते झाकले की माइक चहूबाजूंचं ऐकायला लागतो, स्पीकरमधून आलेला आपलाच आवाज पुन्हा घेतो, आणि शिट्टी सुरू होते. काकांनी मुलांनाच करून बघायला लावलं: मूठ जाळीवर, शिट्टी, मूठ खाली दांड्यावर, शिट्टी बंद. पुन्हा वर, पुन्हा खाली. कुणीतरी त्या शिट्टीचाच सूर शोधून कीबोर्डवर वाजवला. काका खूश.

‘माइक नीट धरा’ असं कितीही सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं. कारण दिसल्यावर तेच एकमेकांना ओरडायला लागले.

२६ जुलै

वरच्या मजल्यावरून तक्रार. ती रास्त आहे. भिंत उंच सुराचा आवाज बराच अडवते, पण खालचा आवाज, बादलीचा मध्य आणि स्पीकरचा बेस, स्लॅबमधून जातोच. आजारी माणूस घरात असेल तर तो धप्-धप् छातीवर बसतो.

काय केलं: बादल्यांखाली जाड रबरी चटई आली, स्पीकर जमिनीवरून उचलून फोमच्या ठोकळ्यांवर ठेवला, बेस कमी केला. आठ वाजल्यानंतर ड्रम आणि स्पीकर बंद. मग लिहिणं, हेडफोनवर ट्रॅक बसवणं, गिटार. पण तक्रार घेऊन आलेल्या आजोबांशी बोलायला आम्ही गेलो नाही. दोन मुलं आणि एक मुलगी गेली. जाताना पाय ओढत गेली. आली ती अर्ध्या तासाने. आजोबांचं म्हणणं होतं, आवाज किती वाजता थांबणार हे आधी कळलं तर त्रास निम्मा. मुलांनी आठवड्याचं वेळापत्रक हाताने लिहून जिन्यात लावलं आणि खाली स्वतःची नावं घातली. तक्रारीला तोंड द्यायचं काम मोठ्यांनी आपल्या अंगावर घेतलं असतं तर मुलं आवाज करणारी आणि आम्ही माफी मागणारे, अशी वाटणी कायमची झाली असती.

याच निमित्ताने कानांचा विषय घेतला. कामाच्या जागच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या ‘नायोश’ या संस्थेने सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास अशी आहे. पुढे दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला १ तास, १०० ला जेमतेम १५ मिनिटं. स्लॅबच्या खोलीत सगळ्या बादल्या एकदम वाजल्या की आकडा कुठे जातो हे मुलांनी फोनवरच्या मीटरवर पाहिलं. हा मीटर काटेकोर नसतो, पण अंदाज येतो. आता फोमचे इअरप्लग दारातच ठेवले आहेत. आधी कुणी घालेना. ज्याने वाजवून घरी गेल्यावर कानात शिट्टी वाजते म्हणून सांगितलं, त्याने घातले, मग बाकीच्यांनी.

९ ऑगस्ट

आर्थिक मदत देऊ इच्छिणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं, “याने पोरं सुधारतात याला पुरावा काय?” सरळ प्रश्न आहे, सरळ उत्तर द्यायला हवं.

आइसलँडचं उदाहरण सगळे देतात. तिथे १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी गेल्या महिन्याभरात दारू पिऊन झिंगलेल्यांचं प्रमाण १९९८ मध्ये ४२ टक्के होतं, २०१६ मध्ये ५ टक्के. संध्याकाळी मुलांना खेळ, संगीत, नाच, कला यांत सामावून घेण्यावर तिथे मोठा भर दिला गेला आणि त्यासाठी कुटुंबांना सरकारी पैसाही मिळाला. पण त्याच्या जोडीला बरंच काही होतं: मुलांच्या रात्रीच्या बाहेर राहण्यावर वेळेची मर्यादा, दारू-तंबाखू विकत घेण्याच्या वयाचे कडक नियम, पालकांच्या संघटना, दरवर्षी मुलांचं सर्वेक्षण. त्यातलं संगीताचं श्रेय वेगळं काढता येत नाही, आणि काढून दाखवणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

दुसरं व्हेनेझुएलाचं ‘एल सिस्तेमा’, मुलांना वाद्यवृंदात बसवून संगीत शिकवणारा उपक्रम. होसे अंतोनियो अब्रेऊ यांनी १९७५ मध्ये काराकासमध्ये सुरू केलं, पुढे लाखो मुलं त्यातून गेली, गुस्तावो दुदामेलसारखा वाद्यवृंद-संचालक त्यातून आला. आंतर-अमेरिकन विकास बँकेच्या मदतीने तिथे मोठा अभ्यास झाला. काही मुलांना आधी प्रवेश, काहींना नंतर, अशी चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून. आधी गेलेल्या मुलांत स्वतःवरचा ताबा काहीसा वाढलेला दिसला, आणि हिंसाचार जवळून पाहिलेल्या मुलग्यांत आक्रमक वागणं कमी झालेलं दिसलं. पण इतरांशी मिळून वागण्याच्या कौशल्यात ठळक फरक आढळला नाही. शिवाय ज्या गरीब मुलांसाठी हे आहे असं सांगितलं जातं, ती अपेक्षेपेक्षा कमीच होती. जेफ्री बेकर या ब्रिटिश अभ्यासकाने २०१४ मध्ये आणखी कठोर टीका केली: वरून हुकूम, खाली आज्ञापालन, मुलांना निर्णय कुठेच नाही.

बेकर यांची टीका मला फार मोलाची वाटते. वाद्यवृंदात बसवलं म्हणजे मूल आपोआप माणसांत येत नाही. काय वाजवायचं, किती वाजवायचं, कोण पुढे उभं राहायचं, हे कुणीतरी दुसराच ठरवत असेल तर तो आणखी एक वर्ग झाला, आणि वर्गाला कंटाळूनच तर ही मुलं कट्ट्यावर बसलेली असतात. त्या गृहस्थांना हे सगळं असंच लिहून पाठवलं. सुधारण्याची हमी दिलेली नाही. कोण परत येतं, कोण दुसऱ्याला शिकवायला लागतं, एवढं आम्ही लिहून ठेवू, असं कळवलं.

२२ ऑगस्ट

मुली कमी झाल्यात. विचारल्यावर पहिल्यांदा ‘वेळ नाही’ असं उत्तर आलं. मैत्रिणीने दोघींशी निवांत बोलून घेतलं तेव्हा खरं कळलं. माइक हातात आला की मुलगे सोडत नाहीत. मुलगी चुकली की हसतात, मुलगा चुकला की पुन्हा संधी देतात. आणि नऊ वाजता एकटीने घरी जायचं अवघड वाटतं. तीन वेगळी कारणं आहेत, ‘मुलींना आवड नाही’ हे त्यात कुठेच नाही.

आजपासून एक संध्याकाळ साडेपाच ते सात फक्त मुलींची, आणि ती त्याच चालवणार; आम्ही दारात. मिश्र संध्याकाळी माइकची पाळी घड्याळावर. जाताना एकत्र निघायचं, कोण कुणासोबत जातंय हे फळ्यावर. मुलग्यांशीही बोललो, सगळ्यांसमोर, आडपडदा न ठेवता. काहींना राग आला. येऊ दे.

६ सप्टेंबर

नवलाई संपली. हे होतंच. परीक्षा आहेत, आणि दोन गटांत भांडण पेटलंय: एकाचा ताल दुसऱ्याने उचलला म्हणे. परवा धक्काबुक्कीपर्यंत गेलं. खोली बंद करा असा सल्ला आला. बंद करायची नाही. भांडण झालं की खोली बंद होते हे एकदा कळलं, की ज्याला खोली नकोय त्याच्या हातात किल्ली दिल्यासारखं होईल.

त्रिनिदादच्या पॅनवाल्यांतही टोळ्यांची भांडणं रस्त्यावर काठ्या-दगडांनी व्हायची. १९६३ पासून तिथे ‘पॅनोरामा’ ही मोठी स्पर्धा भरते आणि ईर्ष्या वाजवण्यात उतरवायला त्यांना जागा आहे. आमच्याकडे मी स्पर्धा ठेवणार नाही, गट लहान आहे आणि हरणारा येणं सोडेल. पण ईर्ष्येला जागा हवी हे पटलं. तोडगा मुलांनीच काढला: वादातला ताल दोन्ही गटांनी घ्यायचा, त्यावर आपापलं वेगळं गाणं करायचं, आणि दोन्ही गाणी लागोपाठ वाजवायची. ताल कुणाचा हा प्रश्न तसाच राहिला, पण आता दोन्हीकडून जोरात काम चाललंय.

२१ सप्टेंबर

लाल टोपीवाला आता चारही हिस्से वाजवतो. नव्याने आलेल्यांना मात्र तो आधी तोच चौथा हिस्सा देतो, आणि मग मुद्दाम खोलीबाहेर पाठवतो.

११ ऑक्टोबर

घरच्यांसाठी आणि शेजाऱ्यांसाठी छोटा कार्यक्रम. अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही. लांब कार्यक्रमात चांगली मुलं पुढे येतात आणि बाकीची मागे सरकतात.

सगळ्यांनी स्टेजवर असायलाच हवं हा माझा हट्ट होता, तो मुलांनी मोडून काढला. दोघांना स्टेजवर जायचंच नाही, त्यांना मिक्सरवर बसायचंय. त्यातला एक जवळपास बोलतच नाही. पण काकांनी त्याला गेन, म्हणजे माइकचा आवाज मिक्सरमध्ये किती घ्यायचा ते, लावायला शिकवलं तेव्हापासून तो मिक्सर सोडत नाही. गाणारा सगळ्यात मोठ्याने म्हणतो तेव्हा लाल दिवा लागता कामा नये, इथून सुरुवात. मग फेडर, म्हणजे प्रत्येकाचा आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ. मग आवाज गढूळ वाटला तर आधी काहीतरी कमी करायचं, वाढवायचं नाही. तालमीत मुलं ‘माझा आवाज वाढव’ म्हणून ओरडतात. तो शांतपणे बाकीच्यांचा कमी करतो, आणि ओरडणारा खूश होतो.

१९ ऑक्टोबर

कार्यक्रम झाला. वरचे आजोबा पहिल्या रांगेत, कानात मुलांनी दिलेले इअरप्लग. वादाच्या तालावरची दोन्ही गाणी झाली, आणि दुसऱ्या गाण्याला पहिल्या गटाने बादल्या धरल्या. हे ठरलेलं नव्हतं. दोन चुका झाल्या, एक गाणं मधेच तुटलं, पुन्हा सुरू केलं. मुलींचा ताफा सगळ्यात घट्ट वाजला.

एक वडील शेवटी मिक्सरपाशी येऊन उभे राहिले आणि त्या न बोलणाऱ्या मुलाला विचारलं, “हे सगळं तू करत होतास?” त्याने प्रत्येक चॅनेलवर बोट ठेवून सांगायला सुरुवात केली. बराच वेळ सांगत होता.

२ नोव्हेंबर

कार्यक्रमाच्या आनंदात हे लिहायचं राहू नये. सगळी मुलं टिकलेली नाहीत. एक जण, ज्याचे शब्द सगळ्यांत धारदार होते, तो कामाला लागला आणि रात्रपाळीमुळे येऊ शकत नाही. दोघं का थांबले ते कळलं नाही. आणि एका मुलीच्या गाण्यात गेल्या महिन्यात जे आलं ते फक्त गाणं म्हणून ऐकून सोडण्यासारखं नव्हतं.

त्यासाठी आमची पद्धत पक्की आहे, नव्याने येणाऱ्या मोठ्यांसाठी पुन्हा लिहिते. कुणाच्या ओळीत स्वतःला इजा करण्याचं, घरातल्या मारहाणीचं, जगणं नको झाल्याचं आलं तर गाण्याचं कौतुक करून पुढे जायचं नाही. त्याच दिवशी बाजूला बसून साधा प्रश्न विचारायचा: हे तुझं आहे का? ऐकायचं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. मैत्रिणीला कळवायचं, ती पुढच्या जाणकार माणसापर्यंत पोचवते. संगीत इथे फार मोठं काम करतं, तोंडाने न निघणारी गोष्ट बाहेर काढतं. पण ती बाहेर आल्यावर हाताळायला ताल आणि माइक पुरत नाहीत, त्याला शिकलेला माणूस लागतो. ती मुलगी आता दोन्हीकडे येते, मैत्रिणीने जोडून दिलेल्या समुपदेशकाकडेही आणि खोलीतही.

नोकरी नाही, शिक्षण सुटलंय, घरात जागा नाही, यावरही संगीत हे उत्तर नाही. ज्यांच्या हातात ते प्रश्न आहेत त्यांनी ‘संगीताची खोली आहे ना’ म्हणून हात झटकले तर मी जाहीरपणे भांडेन.

२३ नोव्हेंबर

मदत मंजूर झाली. त्या गृहस्थांनी लिहिलंय की हमी दिली नाही म्हणूनच देतोय. पैसे कशावर खर्च करायचे याची बैठक मुलांनी घेतली. मला वाटलं नवा स्पीकर मागतील. यादी अशी आली: चांगला ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडायचं यंत्र), कान पूर्ण झाकणारे दोन हेडफोन, भिंतीला लावायला जाड गालिचे आणि गिटारच्या तारा. वाकलेल्या मानेची गिटार फेकायची नाही. एकाने स्वतःच आतला लोखंडी दांडा पिळून ती बरीचशी सरळ केली आहे, एका वेळी पाव फेराच आणि मग दिवसभर थांबायचं, अशा बेताने.

गालिच्यांवर माझा आक्षेप होता. भिंतीला गालिचा लावल्याने आवाज बाहेर जायचा थांबत नाही, फक्त आतलं घुमणं कमी होतं. न बोलणारा मुलगा म्हणाला, “माहीत आहे. घुमणं कमी करायलाच पाहिजेत. रेकॉर्डिंग करायचंय.”

७ डिसेंबर

पुढच्या वर्षाची मांडणी. आठवड्याच्या तीन संध्याकाळींपैकी एक पूर्णपणे मुलांनी चालवायची: उघडणं, नव्यांना बसवणं, वेळापत्रक जिन्यात लावणं, आठला आवाज बंद करणं. वय अठरा पूर्ण असलेल्या दोघांनी किल्लीच्या वहीत सही केली आहे. आमच्यापैकी दोघं त्या संध्याकाळीही इमारतीत असणार, शेजारच्या खोलीत. तो नियम सुटणार नाही.

रात्रपाळीवाल्या मुलाचा निरोप आला: रविवारी सकाळी दोन तास खोली मिळेल का? त्याच्या कामावरचे आणखी तिघं येऊ म्हणतायत. आजोबांना विचारायला मुलं वर गेली आहेत. त्यांची हरकत नसेल तर येत्या रविवारपासून दहा ते बारा, बादल्या नाहीत, फक्त लिहिणं आणि रेकॉर्डिंग. काका येतो म्हणाले. सोबतीला दुसरं मोठं माणूस अजून ठरायचंय.